अपमान चौकात, माफी केबिनात

माफी मागायची कशी हे आम्हाला कुणी शिकवू नये. तो आमचा वडिलोपार्जित धंदा आहे. हजार वर्षं आम्ही दुसरं केलं काय? वेशीवरून वाकून 'जोहार मायबाप' म्हटलं. सावली पडली म्हणून माफी, पाणी शिवलं म्हणून माफी, नवं धोतर नेसलं म्हणून माफी, घोड्यावर नवरदेव बसवला म्हणून माफी. जन्माला आलो याचीच माफी मागत आमच्या बापजाद्यांचे कणे झिजले. माफीच्या बाजारात आजवर माल एकाच बाजूनं गेला. तिकडून इकडं दमडी आली नाही.

म्हणून परवा आमच्या वारज्याच्या विहारात पोरांनी प्रश्न टाकला, 'ज्यांनी आपल्यावर अन्याय केला त्यांनी जाहीर माफी मागावी का?', तेव्हा आधी मला हसू आलं. मग राग आला. मग वाटलं, प्रश्न सोपा नाही, याच्यावर लिहिलं पाहिजे. मी गिरणीत साच्यावर उभा राहणारा माणूस. शाळा अर्ध्यात सुटली, वाचलं ते पाळीच्या आधी आणि पाळीच्या नंतर. तेव्हा पंडिती भाषेची अपेक्षा करू नका. सरळ बोलतो.

विहारात दोन तट पडले. एक तट म्हणाला, माफी पाहिजेच. चौकात आणा, बाबासाहेबांच्या पुतळ्यापुढं उभं करा, कान धरायला लावा. दुसरा तट म्हणाला, माफीबिफी सगळी बामणी थेरं. गुन्हा केला, खटला भरा, खडी फोडायला पाठवा, विषय संपला. मला दोन्ही तट अर्धे बरोबर वाटतात. बोलायचंय ते उरलेल्या अर्ध्याबद्दल.

पहिल्यांदा शब्द तपासू. प्रस्थापितांच्या पोटात दोन शब्द असतात, एक माफी आणि दुसरा दिलगिरी. पकडले गेले की हे लोक दिलगिरी व्यक्त करतात. 'माझ्या बोलण्यानं कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर मी दिलगीर आहे.' हे वाक्य नीट उलटं करून बघा. 'असतील तर' म्हणजे दुखावल्या की नाही याची याला खात्री नाही. 'कुणाच्या' म्हणजे कुणाच्या ते याला ठाऊक नाही. 'भावना' म्हणजे बिघाड आमच्या काळजात, याच्या जिभेत नाही. वाक्यात सगळं आहे, फक्त गुन्हा नाही आणि गुन्हेगार नाही. डोकं फुटलं आमचं आणि हा विचारतो भावना कशा आहेत! भावनेवर मलम लावता येत नाही, तसा पंचनामाही करता येत नाही. म्हणूनच त्यांना तो शब्द आवडतो.

आता कुणी म्हणेल, त्या समाजाला चूक कबूल करायची सवयच नाही, रीत ठाऊक नाही. खोटं आहे. रीत त्यांना चांगली ठाऊक आहे. आपल्या पुण्याचंच उदाहरण घ्या. १८९० साली पंच हौद मिशनमध्ये पुण्याच्या बड्या मंडळींनी मिशनऱ्यांच्या हातचा चहा घेतला, बिस्किटं खाल्ली. टिळक होते, न्यायमूर्ती रानडे होते. बातमी छापून आली आणि पुणं पेटलं. ग्रामण्य झालं, शंकराचार्यांपर्यंत प्रकरण गेलं आणि शेवटी रानड्यांसारखे न्यायाधीशसुद्धा प्रायश्चित्त घेऊन मोकळे झाले. एका कपभर चहासाठी! म्हणजे चूक झाली की जाहीर कबुली द्यायची, त्यासाठी विधी करायचा, त्याची किंमत मोजायची, हे सगळं या समाजाच्या पोथीत होतं. फक्त त्या पोथीत माणसाला जनावराखाली ठेवल्याबद्दलचं पान नव्हतं. चहाला प्रायश्चित्त होतं. महारवाड्याला नव्हतं.

महाडला काय झालं? २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांच्या मागून हजारो माणसं चवदार तळ्यावर गेली, ओंजळीनं पाणी प्याली. तळं नगरपालिकेनं १९२४ सालीच ठराव करून सगळ्यांना खुलं केलेलं. परतणाऱ्या लोकांवर काठ्या घेऊन सवर्ण धावले, बायापोरांची डोकी फोडली. आणि मग त्या काठीवाल्यांनी शुद्धी केली. कुणाची? तळ्याची. शेण, गोमूत्र, दही, दूध घागरींनी ओतलं आणि भटांनी मंत्र म्हटले. रक्त माणसाचं सांडलं आणि क्षमा पाण्याची मागितली. पुढं तळ्यावरचा हक्क हायकोर्टातून मिळायला १७ मार्च १९३७ उजाडला. दहा वर्षं! निकाल मिळाला. काठी मारणाऱ्या हातानं तोंड मात्र उघडलं नाही.

आपल्या पर्वतीचंही तेच. १९२९ साली देवळात जायला सत्याग्रह झाला, वरून दगड आले, राजभोज जखमी झाले. पुढं १९४७ साली कायदा आला आणि देवळं उघडली. दार कायद्यानं उघडलं. दगड मारणारे तेवढ्यात बाजूला सरकून पुढारी झाले, देणगीदार झाले, आता त्यांची नातवंडं म्हणतात, 'आमच्याकडं जात कधी पाळलीच नाही हो!' माफी न मागितल्याचा हा खरा फायदा. कबुली दिली नाही की पुढच्या पिढीला गुन्हाच झाला नाही असं म्हणता येतं.

प्रायश्चित्त या शब्दाची सगळ्यात मोठी जत्रा भरली ती १९३२ नंतर. २४ सप्टेंबरला इथंच, येरवड्याच्या तुरुंगात करार झाला. आमचे स्वतंत्र मतदारसंघ गेले. बदल्यात काय मिळालं? स्पृश्य हिंदूंचं प्रायश्चित्त. त्यासाठी हरिजन सेवक संघ निघाला. आमची माणसं विचारायला गेली की बाबा, संघाच्या कारभारात आम्हाला जागा का नाही? गांधींचं उत्तर असं की कर्ज स्पृश्यांचं आहे, फेडायचं त्यांनी आहे, म्हणून कारभारही त्यांच्याच हातात. बाबासाहेबांनी १९४५ च्या त्यांच्या पुस्तकात ही हकीकत नोंदवून ठेवली आहे. दोस्तांनो, जगात असा सावकार कुठं पाहिलाय का, ज्याला देणेकरी सांगतो, मुद्दल किती, व्याज किती, हप्ता कधी, सगळं मी ठरवणार आणि तू वहीला हात लावायचा नाही! गुन्हेगारानं आपल्याच घरात, आपल्याच देवापुढं, आपल्याच तोलानं घेतलेलं प्रायश्चित्त म्हणजे पुन्हा त्याचीच पूजा. त्याचं मन हलकं होतं, आमचं ओझं आहे तिथंच राहतं. आमच्याकडं तोंड करून जो बोलला नाही, तो आमच्याशी बोललाच नाही.

आणि पुण्यातला आणखी एक प्रसंग विसरू नका. १९७२ साल. परभणी जिल्ह्यातल्या ब्राह्मणगावात आमच्या बायांना नागवं केलं. आपल्याच पुणे जिल्ह्यात बावड्याला अख्ख्या वस्तीवर बहिष्कार. त्या वर्षी पँथर उभी राहिली. १५ ऑगस्टला 'साधना'च्या अंकात राजा ढाले यांनी 'काळा स्वातंत्र्यदिन' लिहिला, आणि बाईच्या अब्रूला कायदा किती दंड लावतो नि राष्ट्राच्या प्रतीकाला किती, हे आकडे शेजारी शेजारी मांडून दाखवले. गदारोळ कुणाविरुद्ध उठला? ब्राह्मणगावच्या हरामखोरांविरुद्ध? छे! लिहिणाऱ्याविरुद्ध. दुर्गाबाई भागवतांसारख्या मोठ्या बाईंनी जाहीर निषेध केला तो त्या लेखातल्या भाषेचा. लुगडं फेडणाऱ्याला कुणी विचारलं नाही, आणि लुगडं फेडलं असं सांगणाऱ्याची भाषा तपासायला सगळं पुणं बसलं. हिशेब असा आहे. घाव घालणाऱ्यानं माफी मागायची की कण्हणाऱ्यानं, हे ठरवण्याची ताकद ज्याच्या हातात, सत्ता त्याची.

आता माझ्या खात्यातली गोष्ट. गिरणीचं नाव इथं नको, नाव घेतलं तर उद्या माझा साचा बंद. गिरणीचा आणि आमचा इतिहास जुना आहे. मुंबईच्या गिरण्यांत आमच्या माणसाला विणकाम खात्यात घेत नसत, कारण धोट्याच्या भोकातून सूत तोंडानं ओढावं लागायचं. महाराच्या ओठाचा धोटा मराठ्यानं कसा तोंडाला लावायचा? जास्त पगाराचं खातं त्यामुळं आम्हाला बंद. कामगारांची एकजूट म्हणणाऱ्यांना बाबासाहेबांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हाच प्रश्न विचारला होता. पुढं यंत्र बदललं, तोंड लावायची गरज संपली, म्हणून धोटा सुटला. मन बदललं म्हणून नाही.

तर आमच्या खात्यात एका सुपरवायझरनं आमच्या एका जोडीदाराला सूत तुटलं म्हणून जातीवरून शिवी घातली. भर पाळीत, चाळीसेक माणसांदेखत. जोडीदार म्हणाला, मी पोलिसात जातो. लगेच हालचाल सुरू झाली. संध्याकाळी त्याला केबिनमध्ये बोलावलं. आत साहेब, सुपरवायझर आणि हा. दार बंद, पंखा चालू, चहा मागवला. सुपरवायझर म्हणाला, 'जाऊ दे रे, रागाच्या भरात निघालं तोंडातून, सॉरी.' साहेब म्हणाला, 'चला, हात मिळवा, मिटलं.' हा बाहेर आला तेव्हा चाळीस माणसांच्या नजरेत ती शिवी तशीच लटकत होती. माफी फक्त केबिनच्या भिंतींनी ऐकली.

इथं कायदा काय म्हणतो ते बघा. १९८९ चा अॅट्रॉसिटी कायदा सांगतो, जातीवरून अपमान हा लोकांच्या नजरेसमोर झाला तर या कलमात बसतो. २०२० साली सुप्रीम कोर्टानंही एका उत्तराखंडच्या खटल्यात हेच धरलं की चार भिंतींच्या आत, बाहेरचं कुणी नसताना झालेला अपमान या कलमात येत नाही. बरं. चार भिंतींत केलेला अपमान जर कायद्याच्या लेखी अपमान नसेल, तर चार भिंतींत मागितलेली माफी माफी कशी? जी मोजपट्टी आमच्या जखमेला लावता, तीच तुमच्या मलमाला लावा. शिवी चाळीस जणांत दिली, तर माफी त्याच चाळीस जणांत, त्याच साच्यापाशी, त्याच आवाजात. एवढाच माझा जाहीर माफीचा अर्थ आहे. त्यात सूड नाही, साधं अंकगणित आहे.

दुसरी गोष्ट, 'मिटवून टाका'. खेड्यात प्रकरण झालं की पहिली माणसं येतात ती मिटवामिटवीवाली. सरपंच, पाटील, सोसायटीचा चेअरमन आणि आपल्यातलाच एखादा दलाल. म्हणतात, 'पोरगा पाया पडतो, माफी मागतो, तू केस मागं घे. गावात राहायचंय ना?' शेवटचं वाक्य ऐका. ती धमकी आहे. माफीचा मुलामा दिलेली धमकी. कामाला त्याच्याच रानात जायचं, दळण त्याच्याच चक्कीवर, रस्ता त्याच्याच बांधावरून. मग फिर्यादी सही करतो. २०२१ साली सुप्रीम कोर्टानं एका निकालात म्हटलं की भांडण मुळात खाजगी स्वरूपाचं असेल आणि तडजोड राजीखुशीची असेल तर या कायद्याखालचा खटलाही रद्द होऊ शकतो, पण फिर्यादीवर दबाव नाही ना हे कोर्टानं डोळ्यांत तेल घालून बघावं. डोळ्यांत तेल घालायला कोर्ट बांधावर येत नाही. बांधावर आपणच आहोत. म्हणून कार्यकर्त्यांनो, ज्या माफीच्या खिशात केस मागं घ्यायचा कागद आहे, ती माफी घेऊ नका. तो सौदा आहे.

पुण्यातलं ताजं उदाहरण. २०१७ साली हवामान खात्यातल्या एका शास्त्रज्ञ बाईनं स्वैपाकाच्या बाईवर सिंहगड रोड पोलीस ठाण्यात फिर्याद दिली. गुन्हा काय? जात लपवून सोवळ्याचा स्वैपाक केला. उपग्रहाचे फोटो बघून पाऊस सांगणारी विद्या आणि चूल बाटली म्हणून पोलीस! आमच्या वारज्यापासून ते ठाणं लांब नाही. बोंबाबोंब झाली, मोर्चे निघाले, मग फिर्याद मागं घेतली गेली. लोक म्हणाले, चला, मिटलं. मिटलं काय? फिर्याद मागं घेणं म्हणजे पोलिसाच्या वहीतून एक ओळ कमी करणं. त्या बाईला जातीमुळं चोर ठरवलं, हे जिथं सांगितलं तिथंच खोडायला नको का? आणि ती बाई आपल्या जातीची नव्हती म्हणून गप्प बसणारे आपल्यातलेही मी पाहिले. त्यांना सांगतो, सोवळं कुणालाही चावतं. आज मराठ्याला चावलं, उद्या आपल्याला.

आता दुसऱ्या तटाकडं वळतो. ते म्हणतात, कोर्ट आहे ना, माफी कशाला? भावांनो, कोर्ट हवंच. माफीसाठी मी एक दिवसाची शिक्षा कमी करा म्हणत नाही. पण कोर्टातून काय येत नाही तेही बघा. खैरलांजी आठवा. २९ सप्टेंबर २००६. भंडारा जिल्ह्यात भोतमांगे कुटुंबातल्या चौघांना जमावानं ठेचून मारलं. आई, मुलगी, दोन मुलगे. २००८ साली भंडाऱ्याच्या कोर्टानं आठ जणांना दोषी धरलं, सहाजणांना फाशी, दोघांना जन्मठेप. २०१० साली नागपूर खंडपीठानं फाशी काढून पंचवीस वर्षं कैद केली. म्हणजे शिक्षा झाली. पण अॅट्रॉसिटी कायदा त्यात टिकला नाही. खून झाला हे निकालात आलं, जातीमुळं झाला हे आलं नाही. म्हणे सूड होता, वैर होतं. शिक्षा मिळाली आणि सत्य मिळालं नाही. भैयालाल भोतमांगे जानेवारी २०१७ मध्ये वारले, हे सत्य ऐकायचं राहूनच. इथं मला कबुलीची किंमत कळते. एक माणूस त्या गावातून उठून म्हणाला असता, 'हो, ते महार म्हणून मारले, आम्ही बघत उभे होतो', तर त्या एका वाक्याचं वजन निकालाच्या कागदांपेक्षा जास्त भरलं असतं.

जगात हा प्रयोग झालाय. दक्षिण आफ्रिकेत गोऱ्यांची सत्ता गेल्यावर सत्यशोधन आणि समेटाचा आयोग बसला, १९९६ पासून सुनावण्या झाल्या, डेस्मंड टुटू अध्यक्ष. छळ करणारे पोलीस मारलेल्यांच्या आयांसमोर येऊन बसले. अट काय होती ठाऊक आहे? रडायची अट नव्हती, सॉरी म्हणायची सक्ती नव्हती. अट होती, काय केलं, कुणाच्या हुकमानं केलं, प्रेत कुठं पुरलं, ते सगळं सांगा. पूर्ण सांगितलं आणि कृत्य राजकीय ठरलं तर खटल्यातून सूट. बहुतेक अर्ज फेटाळले गेले. त्यातलं चांगलं ते घ्या, की माफीच्या आधी सगळं सांगणं येतं. त्यातलं वाईट तेही ओळखा. ज्यांना सूट मिळाली नाही त्यांच्यातल्या फारच थोड्यांवर पुढं खटले चालले, आणि ज्यांची घरं उद्ध्वस्त झाली त्यांच्या हातात एकदाच तीस हजार रँड टेकवले. अश्रू फुकट मिळाले, जमीन गोऱ्यांकडंच राहिली. म्हणून सांगतो, कबुलीला शिक्षेच्या जागी बसवू नका. आणि भरपाईच्या जागी तर मुळीच नाही.

आता पहिल्या तटाला, म्हणजे माझ्याच जिगरी पोरांना सांगायचंय. राग येईल, येऊ द्या. आमच्या भागात सोसायटीतल्या एका पोरानं मोबाइलवर बाबासाहेबांबद्दल घाण लिहिलं. पोरांनी त्याला उचलला, पुतळ्यापुढं आणला, कान धरायला लावले, नाक घासायला लावलं आणि त्याचा व्हिडिओ फिरवला. दोन दिवस सगळे छाती फुगवून हिंडले. तिसऱ्या दिवशी आपल्याच चार पोरांवर गुन्हा दाखल झाला. त्यातला एक भरतीची तयारी करत होता. मूळ घाण कुणाच्या लक्षात राहिली नाही, तो पोरगा त्याच्या लोकांत शहीद झाला.

केसचं सोडा, मला त्याहून वेगळं खुपतं. नाक घासायला लावणं कुणाची रीत? पाटलाच्या वाड्यापुढं आमच्या आज्याला हेच करायला लावायचे. ती रीत त्यांची, ती त्यांच्याच चावडीवर मरू द्या. मानगूट धरून काढलेली माफी ही भीतीची ओकारी आहे. तिच्यात कबुलीचा थेंब नसतो. त्या पोराला काय कळलं? आज तुमची पोरं जास्त होती एवढंच. ज्या दिवशी त्याची जास्त असतील त्या दिवशी? बाबासाहेबांनी आपल्याला माणूस केलं, ते दुसऱ्याला गुडघ्यावर बसवायला नाही. त्या पोराला कायद्यानं धरायचं होतं. आणि मग त्यानं जिथं लिहिलं तिथंच, उभं राहून, सरळ डोळ्यांत बघून सांगायला लावायचं होतं की मी काय लिहिलं आणि ते खोटं का आहे. गुडघे टेकलेल्या माणसाचा शब्द मला नको. उभ्या माणसाचा शब्द पाहिजे.

तर माझं म्हणणं असं. जाहीर माफी मागावी का? मागावी. पण आमच्या अटींवर.

एक. अपमान जिथं झाला तिथं, ज्यांच्यादेखत झाला त्यांच्यादेखत माफी. केबिनात, बंगल्यावर, शांतता कमिटीच्या बैठकीत नाही.

दोन. कृत्याचं नाव घेऊन. 'जे काही झालं' चालणार नाही. कुणाला, काय, आणि कुठल्या जातीचा म्हणून केलं, ते तोंडानं बोला. 'असतील तर' हे दोन शब्द आले की माफी रद्द.

तीन. खटला चालू राहील. माफी मागितली म्हणून फिर्याद मागं नाही, जबाब फिरणार नाही, साक्षीदार फुटणार नाही. २०१६ पासून सुधारलेल्या कायद्यानं पीडिताला जामिनाच्या वेळीही आपलं म्हणणं मांडायचा हक्क दिलाय, तो वापरा.

चार. भरपाई वेगळी. सरकारी मदत ८५ हजारांपासून सव्वाआठ लाखांपर्यंत आहे, तो हक्क आहे, उपकार नाही. बंद केलेली वाट, तोडलेलं पाणी, काढून घेतलेलं काम आधी सुरू करा, मग तोंड उघडा.

पाच. स्वीकारायची की नाही हे ज्याच्यावर बेतलं तो ठरवील. त्यानं नाही म्हटलं तर नाही. 'एवढं मोठं मन कर' म्हणून त्याला छळायचं नाही. आमची मनं मोठी करून करून छातीचे पिंजरे मोडले. पुढाऱ्यांनी, विहार कमिटीनं, माझ्यासारख्या कवीनंसुद्धा त्याच्या वतीनं माफ करून टाकायचं नाही.

सहा. सक्तीनं, मारून, गुडघ्यावर आणून माफी घ्यायची नाही.

या सहातली एकही अट अवघड नाही. हवी फक्त लाज. ती त्यांच्याकडं आहे हे चहाच्या प्रायश्चित्तात दिसलंच. ती आमच्या दिशेनं वळवायची, एवढंच काम आहे. ते काम विनवण्या करून होणार नाही. संघटना, फिर्याद, साक्ष, मोर्चा आणि लिहून ठेवणं, याच वाटेनं होईल. तेव्हा वस्तीवस्तीत वही घाला. कुणी, कधी, कुठं, काय केलं, कोण बघत होतं, सगळं तारखेनिशी लिहा. त्यांना विसरायची सवय आहे. आपली वही त्यांना विसरू देणार नाही. आणि उद्या कुणी खरोखर मान वर करून माफी मागायला आलाच, तर तारीख टाकून त्याचंही नाव त्याच वहीत लिहा.

जयभीम.